भिंगारच्या उन्हातले सरबत

नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून भिंगार जवळच. बादशाह औरंगजेबाचा इंतकाल १७०७ साली इथेच झाला. ती जागा आलमगीर म्हणून ओळखली जाते. उन्हाळ्यात रमजान आला की भिंगारच्या उन्हात इफ्तारचा पेला आधी आठवतो. सरबत हा शब्दही अरबीच, ‘शरिबा’ म्हणजे पिणे, यातून आलेला. पण फळांचा गोड पाक पौष्टिक समजून मुलांना पेल्यावर पेले देऊ नका. पाक टिकतो तो साखरेमुळे. निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि उकळताना फळातले क जीवनसत्त्वही घटते. त्यापेक्षा याच जिल्ह्यातले श्रीगोंद्याचे लिंबू ताजे पिळा, चिमूटभर मीठ आणि भिजवलेला सब्जा घाला. साखर एक चमचा पुरे. घरात कुणाला मधुमेह असेल, तर तीही नको.