चाललेली गाडी

भिलाईत जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला: "कितना चली है?" साल, टायर, रंग हे सगळं नंतर. आमच्या डिझेल पिकअपचा आकडा साडेतीन लाख किलोमीटरच्या घरात आहे आणि तो मी मान वर करून सांगतो. धमध्याचे टोमॅटो, नागपूरची संत्री, गणपतीत मंडपाचे बांबू, सेक्टरमधल्या कुणाचं तरी निवृत्तीनंतर गावी निघालेलं बिऱ्हाड. हे सगळं तिनं वाहिलंय.

हौद्यात चढून बघा. रंग कधीच गेलाय, पण फाळक्याजवळ, जिथून क्रेट ओढून उतरवतात, तिथला पत्रा घासून घासून चकचकीत झालाय. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो. कडेला मात्र गंज आहे, आणि फाळक्याची डावी कडी तारेनं बांधलेली आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी तीच दाखवतो.

हे गावच वजन उचलणाऱ्यांचं. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीनं इथं पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. दल्ली राजहऱ्याचं खनिज इथं येतं आणि रूळ होऊन देशभर जातं. त्या कामासाठी विदर्भातून माणसं आली, त्यांत माझे वडीलही. वापरानं झिजलेल्या लोखंडाची इथं कुणाला लाज वाटत नाही.

म्हणूनच एका दलालानं "भैया, मीटर पीछे करवा लो, दाम अच्छा मिलेगा" असं सुचवलं तेव्हा मला मनापासून राग आला. क्लचप्लेट, नोझल, गिअरबॉक्सचं ऑइल, सगळ्यांचा हिशेब किलोमीटरवर चालतो. खोटा आकडा वाचून एखादा पोरगा वेळेवर काम करणार नाही आणि बाघनदीच्या अलीकडे भर रात्री माल घेऊन रस्त्यात अडकेल. त्या आकड्यात आमचे कष्ट आहेत, आणि पुढच्या माणसाची सुरक्षितताही आहे. तो पुसायचा अधिकार मला नाही.

दुरुस्त्या किरकोळ आहेत. एक हीटर प्लग गेलाय. पौषातल्या पहाटे सेल्फ मारला की गाडी जरा कुरकुरते, पांढरा धूर सोडते, इंजिन तापलं की धूर थांबतो. धूर निळा असता तर ऑइल जळतंय म्हणून इंजिन उघडावं लागलं असतं. काळा असता तर नोझल आणि एअर फिल्टर बघावा लागला असता. ब्रेक लायनर आणि स्टिअरिंगचा टायरॉड एंड मात्र मी विकण्याआधीच बदलून घेतला. ज्यावर जीव अवलंबून असतो ते काम गिऱ्हाइकावर ढकलू नये. दाराचा पोचा राहू दिला, त्यानं कुणाचं काही अडत नाही.

शेवटी राजनांदगावहून भाजीचा धंदा करणारा एक तरुण आला, सोबत त्याचे काका. काका फार बोलले नाहीत. चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण काढून त्यांनी वर तळहात धरला, बोटांत डिपस्टिक पुसली, गाडीखाली वाकून पाटे बघितले. मग उठून पुतण्याला म्हणाले, "बने हे, बेटा," म्हणजे गाडी चांगली आहे. मी हीटर प्लगचे आणि कडीचे पैसे किमतीतून वजा केले, त्यांनी घासाघीस केली नाही.

किल्ली मात्र कागद झाल्यावरच दिली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, विमा, फिटनेस. राज्याबाहेर गाडी जाणार असती तर फॉर्म २८ ची एनओसीही लागली असती. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. ओळखीतला व्यवहार, सावकाश करू म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. तेव्हा तुम्ही गाडी विकाल तर आकडा आहे तसा सांगा, आणि नव्या मालकाच्या नावाचं आरसी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय फाईल बंद करू नका.