तिचं नाचणं

अनवाणी नाचणाऱ्या इसाडोरा डंकनचं चित्र जॉन स्लोन या अमेरिकन चित्रकाराने १९११ साली रंगवलं. १९१५मध्ये त्याने तिचं एचिंग केलं. पत्र्यावरच्या मेणात सुईने रेघा ओढायच्या, त्या आम्लाने खोल करायच्या, त्यांत शाई भरून छापायचं.

या दोन चित्रांच्या मधे, १९१३मध्ये, तिची दोन लहान मुलं पॅरिसला सीन नदीत बुडाली. तरी १९१५ साली ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभी होती.

एचिंग पाहताना मी या सालांपाशीच अडखळते. माझा भाऊ गेल्यावर आई पुन्हा कधीच गायली नाही. मला तेवढाच शोक ठाऊक होता. आता वाटतं, आईचं गप्प होणं आणि इसाडोराचं नाचणं, दोन्ही शोकच.