जहाज उद्याचं आहे

आमच्या नात्यागोत्यात कुणाला विमानाचं तिकीट काढायचं असलं की फोन मला येतो. न्यू जर्सीत संसार थाटून बावीस वर्षं झाली. कुठल्या विमानतळावरून निघालं तर पैसे वाचतात, मधे किती वेळ थांबावं लागलं तरी चालतं, हे सगळं आता अंगवळणी पडलंय. क्रूझच्या बाबतीत तर माझं मत ठाम होतं. जहाज खुशाल कंपनीकडून बुक करा, पण विमानाचं तिकीट तिच्याकडून घेऊ नका, ते आपलं आपणच काढा. किती जणांना मी हे सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. ते मत मी आता सोडलं आहे. ज्यांनी माझं ऐकलं, त्यांच्यापैकी काहींपर्यंत तरी हे पोचावं म्हणून लिहिते आहे.

त्या मतालाही कारण होतं. 2009 मध्ये आम्ही पहिल्यांदा कॅरिबियनच्या क्रूझला गेलो, फोर्ट लॉडरडेलहून. हौसेनं विमानाचं तिकीटही कंपनीकडूनच घेतलं. कुठलं विमान, किती वाजता, हे निघायच्या महिनाभर आधी कळलं. नेवार्कहून फोर्ट लॉडरडेलला थेट विमानानं तीन तास लागतात. आम्हाला पहाटे निघून शार्लटला बदलायचं होतं. मुलगा सहा वर्षांचा, आणि त्याची जागा आमच्यापासून चार रांगा मागे. कुणी अदलाबदल करायला तयार होईना. तो सगळा वेळ मान उंचावून आमच्याकडे बघत होता. त्या दिवशी मी ठरवलं की पुन्हा हे नाही, आणि त्यानंतरच्या चारही क्रूझना तिकिटं स्वतः काढली. एकदाही काही बिघडलं नाही. त्यामुळे आपलंच बरोबर आहे असं वाटत राहिलं. मधल्या काळात कंपन्यांची पद्धत बदलली होती. आता बऱ्याच मोठ्या कंपन्यांकडे विमानं आधी बघून आपली आपण निवडता येतात, आणि काही भाड्यांत तर जहाजाचे शेवटचे पैसे भरेपर्यंत तिकीट बदलता किंवा रद्द करता येतं. हे तपासून बघावं असं मला कधी वाटलंच नाही.

2023 च्या उन्हाळ्यात थोरले दीर आणि जाऊबाई सांगलीहून आमच्याकडे तीन महिने राहायला आले. त्यांच्या लग्नाला त्या जुलैत चाळीस वर्षं होत होती. वहिनींना हिमनद्या बघायच्या होत्या. म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्यांना अलास्काची क्रूझ भेट दिली. व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत, सात रात्री. शनिवारी निघायचं, रविवार समुद्रावर, सोमवारी जूनो, मग स्कॅगवे, ग्लेशियर बे आणि केचिकन. रविवार हाच त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, तो निघायच्या आधीच सांगलीत असताना करून घेतला होता.

तिकिटं अर्थात मी काढली. नेवार्क ते शिकागो एका विमान कंपनीचं, शिकागो ते व्हँकुव्हर दुसऱ्या कंपनीचं, दोन्ही शनिवारचीच. जहाज कंपनीच्या भावापेक्षा दोघांचे मिळून तीनशे दहा डॉलर वाचले. ते मी त्या रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं.

शनिवारी पहाटे शिकागोवर विजांचं वादळ आलं. जवळपास वीज पडत असली की धावपट्टीलगत काम करणाऱ्या माणसांना आत बोलावतात. त्यामुळे उतरलेली विमानंही गेटला लागत नाहीत. यांचं विमान उतरलं आणि दीड तास जागच्या जागी उभं राहिलं. पुढचं विमानही वादळामुळे खोळंबलेलं होतं, म्हणजे ते गेलेलं नव्हतं. पण तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे बॅग शिकागोला ताब्यात घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायची होती. हे दोघं बॅगा ओढत तिथे पोचले तेव्हा त्या विमानासाठी सामान घेणं बंद झालं होतं. भाऊजींनी मला फोन लावला आणि तो काउंटरवरच्या मुलीच्या हातात दिला. ती अगदी सौम्यपणे म्हणाली, तुमचं आधीचं विमान उशिरा आलं, पण ते आमचं नव्हतं. आमच्या दृष्टीनं हे प्रवासी आलेच नाहीत. आणि जाण्याचा टप्पा चुकला की येण्याचंही तिकीट आपोआप रद्द होतं.

विमान अजून गेटवर उभं होतं. हे माझ्या मनातून जात नाही. दोघं त्याच इमारतीत होते आणि विमान अजून सुटायचं होतं.

नेवार्कपासून त्यांच्या शेजारी बसलेलं एक वयस्क अमेरिकन जोडपंही त्याच जहाजावर जाणार होतं. बोलता बोलता ओळख झाली होती. त्यांचं तिकीट जहाज कंपनीनं काढलेलं, सगळं एकाच पीएनआरवर. त्यांच्या बॅगा परस्पर पुढे गेल्या आणि ते चालत गेटवर जाऊन विमानात बसले. विमान गेटला लागायची वाट बघत असतानाच त्या बाईंनी कंपनीला फोन केला होता. पलीकडच्या माणसानं सांगितलं की तुमचं विमान मी बघतो आहे, जहाजावर तुमची नोंद करून ठेवली आहे, आणि हेही चुकलं तर तुम्हाला जूनोला पोचवायची सोय आम्ही करू. वहिनींनी हे मला नंतर सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं जसं घडलं तसं.

मीही जहाज कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं थांबल्यावर उत्तर मिळालं की विमानाचं तिकीट तुमचं आहे, त्यामुळे पुढच्या बंदरावर पोचणं तुमच्याकडे. जूनोला चढायची परवानगी त्यांनी काढून दिली, तेवढी मदत झाली. जूनोला रस्त्यानं जाता येत नाही, विमान नाहीतर बोट. जुलैत ऐन वेळी सिएटलमार्गे जूनोची दोन तिकिटं जी मिळाली, त्यांत वाचवलेले तीनशे दहा डॉलर कितीतरी वेळा गेले. पैशांचं दुःख मला फारसं झालं नाही. भाऊजींचं इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत होतं आणि शिकागोच्या हॉटेलच्या खोलीत फ्रिज नव्हता. पिशवीत घालायला वहिनी रात्री दोनदा खाली जाऊन बर्फ घेऊन आल्या. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस सिएटलच्या विमानतळाजवळच्या एका खोलीत गेला. आम्ही व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मागे पलंगावर बॅगा दिसत होत्या. जहाजाचे कागदी टॅग मी घरीच छापून प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या मुठींना बांधले होते, ते तसेच लोंबत होते.

सोमवारी ते जूनोला जहाजावर चढले. ग्लेशियर बे पाहिलं. तिथे दिवसाला मोठी क्रूझ जहाजं दोनच सोडतात, त्यामुळे शांतता अशी की बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो आणि त्याचा आवाज मग ऐकू येतो, असं वहिनी सांगतात. परत आल्यावर त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही. "तू तरी काय करणार गं, वादळ होतं," एवढंच म्हणाल्या. पण वादळानं निम्मंच केलं होतं. उरलेलं माझ्या दोन तिकिटांनी केलं.

नंतर आणखी एक गोष्ट कळली, ती मला आधी माहीत असायला हवी होती. क्रूझ व्हँकुव्हरची होती म्हणून जूनोला चढता आलं. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी असती तर तेही जमलं नसतं. 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून चढवलेला प्रवासी मधे दूरच्या परदेशी बंदराला न जाता दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायचा नाही, असा. वाटेतलं कॅनडाचं व्हिक्टोरिया त्यासाठी दूरचं धरत नाहीत. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीचीच असतात. म्हणजे सिएटलला जहाज चुकलं तर अख्खी क्रूझच गेली.

मी स्वतःशी खूप वाद घातला. एकाच पीएनआरवर तिकिटं काढली असती तर मीही त्यांना वाचवलं असतं. शुक्रवारीच पाठवलं असतं तर प्रश्नच आला नसता, आणि एक दिवस आधी पोचणं हे कुठल्याही तिकिटापेक्षा मोठं संरक्षण आहे. कंपनीचं तिकीट घेतलं तरी करारात विमानाच्या उशिराची जबाबदारी कंपनी पूर्णपणे अंगावर घेत नाही, ते वाचून घ्यावं लागतं. हे सगळं खरं आहे. तरीही त्या बाईंना फोनवर जे मिळालं, ते मला मिळण्यासारखं नव्हतं. त्या माणसाच्या समोर विमान आणि जहाज दोन्ही होतं. माझ्यासमोर दोन विमान कंपन्या आणि एक जहाज कंपनी, आणि तिघींचाही एकमेकींशी संबंध नाही. त्या तिघींना जोडणारी मीच होते, आणि मी दुसऱ्या राज्यात फोन धरून बसले होते.

आता माझ्यापुरतं मी बघते की अडकल्यावर कोण अडकणार आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघं चिविटावेक्कियाहून क्रूझला गेलो, तेव्हा तिकिटं मीच काढली. आम्हाला आधी चार दिवस रोममध्ये राहायचं होतं, आणि बंदर रोमहून रेल्वेनं तासाभरावर. तिथे घाई नव्हती, काही झालं असतं तर आम्हाला निस्तरता आलं असतं. पण पासष्टी-सत्तरीची माणसं, ज्यांना अनोळखी काउंटरवर इंग्रजीतून भांडणं जड जातं, त्यांच्यासाठी मी आता कंपनीकडूनच तिकीट घेते, भावात फरक किती पडतो ते बघतसुद्धा नाही.

या मे महिन्यात भाऊजी आणि वहिनी पुन्हा त्याच क्रूझला गेले. राहून गेलेले दोन दिवस बघायचेच असं वहिनींनी ठरवलं होतं. या वेळी विमान जहाज कंपनीकडून, आदल्या दिवसाचं, एकाच पीएनआरवर. कंपनीच्या मदतीचा नंबर मी मोठ्या अक्षरांत लिहून वहिनींच्या पर्समध्ये ठेवला आणि खाली आमच्या घराचा.

संध्याकाळी व्हँकुव्हरच्या हॉटेलमधून फोन आला. खिडकीतून धक्क्यावरच्या कॅनडा प्लेस इमारतीची पांढरी शिडं दिसतात म्हणाल्या. भाऊजी खाली फिरायला गेले होते, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

"धक्का सगळा रिकामा आहे गं," वहिनी म्हणाल्या. "जहाज अजून आलेलंच नाही."

"उद्या सकाळी येईल," मी म्हटलं.

"हो, उद्याचं आहे," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.