मुंब्रा ते दाभोळ: जुनी व्हॅन आणि एक किल्ली

मुरुडला जाऊन संध्याकाळी परत यायचं, एवढंच ठरलं होतं. तेही शुक्रवारी रात्री, इशाच्या नमाजनंतर टपरीवर चहा पिताना. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आम्ही पाच जण: दोघे शाळामास्तर, एक मेडिकलवाला, चौदा वर्षं कुवेतमध्ये काढून परतलेला एक इलेक्ट्रिशियन आणि पाचवा व्हॅनचा मालक. ही व्हॅन पूर्वी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. आता ती कापडाचे गठ्ठे वाहते, पण वरून मारलेल्या पांढऱ्या रंगातून जुना पिवळा पट्टा अजून डोकावतो. वाटेत तिघांनी तरी विचारलं, "शाळेची सहल का?" दोन मास्तर बरोबर असल्यामुळे नाही म्हणवेना.

फजरनंतर निघालो तेव्हा मेडिकलवाल्याच्या अम्मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी दोरी बांधलेली कापडी थैली खाली सोडली. आत उकडलेली अंडी, चपात्या, पाण्याची बाटली आणि एक लोखंडी किल्ली. गावच्या घराची. मोठा भाऊ कुवेतला असतो, त्याने घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय, मुंबईची पार्टी आहे, पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार आहे, हे आम्हांला माहीत होतं. अम्मी वरूनच म्हणाल्या, "मुरुडपर्यंत जाताय तर पुढे गावीही जाऊन या. विकायचं तर विका, पण एकदा दार उघडून बघून विका."

"अम्मी, मुरुडहून गाव लांब आहे. मध्ये दोन खाड्या आहेत."

"खाड्या तुझ्या आजोबांच्या वेळेलाही होत्या," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

पनवेल, पेण, अलिबाग हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा, त्यावर काय लिहायचं? रेवदंड्याला कुंडलिका ओलांडून साळावच्या बाजूला उतरलो आणि मग समुद्र उजव्या हाताला आला. कोर्लई, काशीद, नांदगाव. जुन्या गाडीचा एक फायदा असा की ती चढावर इतकी हळू चालते की माणसाला बघावंच लागतं. घरं दिसतात, घरांची दारं दिसतात, दारांवरची कुलुपं दिसतात. कुवेतवाला ती कुलुपं मोजायला लागला होता. काशीदच्या पुढे त्याने मोजणं सोडलं.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर गेलो. जंजिरा म्हणजे अरबीतला जझीरा, बेट. हबशी सिद्द्यांची ही जागा, म्हणून या मुलखाला हबसाण म्हणत. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, समोर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास समुद्रात भराव घालून पायवाट करायला घेतली. किल्ला पडला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हाच तो सिद्द्यांच्या हातून गेला. होडीवाला वाटाड्या हे सगळं एका दमात सांगतो आणि कलालबांगडी तोफेपाशी येऊन फोटोसाठी थांबतो. आम्हांला मात्र तोफेपेक्षा गोड्या पाण्याच्या तलावांनी जास्त थांबवलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये पिण्याचं पाणी. किल्ला नुसता तोफांवर टिकत नाही, घागरींवर टिकतो. आत एके काळी वस्ती होती, मशीद होती, चुली होत्या. आता भिंतींतून वड-पिंपळ उगवलेत.

किनाऱ्यावर परतून आगरदांड्याकडे जाताना वाटेत खोकरीचे घुमट लागतात. सिद्दी सरदारांचे तीन दगडी मकबरे. यांतला याकूतखान १७०६ मध्ये वारला. जंजिऱ्याला बसगाड्यांची रांग होती, इथे आम्ही पाच आणि एक शेळी. ज्यांना जंजिरा बघायचा आहे त्यांनी अर्धा तास इथेही द्यावा, असं आम्ही आग्रहाने सांगू. किल्ल्यावर लढाया ऐकू येतात, इथे माणसं आहेत. फातेहा पढून निघालो.

परत फिरायचं ते इथूनच. जोहर झाली होती, ऊन उतरायला वेळ होता. व्हॅनचा मालक म्हणाला, "आगरदांड्याला जेटी बघू आणि वळू." जेटीवर गेलो तर फेरीबोट लागलेलीच होती आणि तिकीटवाल्याने हाताने 'या, या' केलं. गाडी आत गेल्यावर कळलं की आता वळता येणार नाही, मागे दोन टेम्पो आणि एक रिक्षा उभी राहिली होती. मेडिकलवाल्याने खिशातली किल्ली काढून बघितली आणि परत ठेवली.

या किनाऱ्याचा खरा रस्ता पूर्वी पाणीच होता. मुंबईहून आगबोट यायची, खोल पाण्यात थांबायची आणि लोक होड्यांतून किनाऱ्याला लागायचे. नोकरीला जाणारा त्याच वाटेने जाई. कोणी गोदीत, कोणी आगबोटींवर खलाशी, कोणी आणखी पुढे केपटाऊनला, नैरोबीला. आणि १९७० नंतर कुवेत, सौदी, कतार. त्या वाटेने सगळेच परतले असंही नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्यातल्या एका मास्तरांच्या घरी आजही अवसेला कोणी बोटीत बसत नाही. मास्तर हे सांगत होते तेव्हा आम्ही राजपुरी खाडीच्या मध्यावर होतो, आणि व्हॅनचा मालक म्हणाला, "आज तारीख कुठली ते मोबाईलमध्ये बघू नका."

दिघीला उतरून दिवेआगर, श्रीवर्धन. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आदळलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. त्या दिवशी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळ धरायला काही वर्षं जातात, नारळालाही तसंच. वाटेत एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. वाडीवाल्या काकांनी कंबरेएवढी नवी रोपं दाखवली. म्हणाले, "ही माझ्यासाठी नाहीत. पण मोकळी जमीन बघवत नाही."

बागमांडल्याला सावित्री आडवी येते. पलीकडे वेसवी आणि रत्नागिरी जिल्हा. याच सावित्रीच्या काठी, वरच्या अंगाला आंबेत. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचं गाव. १९८० ते ८२ ते मुख्यमंत्री होते आणि रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता न्यायची कल्पना त्यांची म्हणून ओळखली जाते. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला, पण खाड्यांवरचे मोठे पूल रखडले, म्हणून तर आम्ही बोटीवर. पूल झाले की मुंबई जवळ येईल, हे खरं. पेशंट दवाखान्यात वेळेवर पोचेल, हे त्याहून खरं. मुंबईच्या पार्ट्यांना तर पूल होण्याआधीच जमिनीचा वास लागलाय, हेही तितकंच खरं.

वेसवीच्या धक्क्यावर चढताना ॲक्सिलरेटरची केबल तुटली. बोट परत निघायची घाई, मागे मोटरसायकली, आणि व्हॅन उतारावर. बोटीतल्या सगळ्यांनी उतरून ढकलली, त्यात एक नवरदेवही होता, मुंडावळ्यांसकट. होड्यांच्या इंजिनाची कामं करणारे एक मिस्त्री जवळच जाळी सुकवत बसले होते. त्यांनी बोनेट बघितलं, हसले, आणि घरून बारीक तार आणून केबलच्या जागी ओवली. पैसे घेईनात. "गावी कोणाकडे?" एवढंच विचारलं. मेडिकलवाल्याने आजोबांचं नाव सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मग पैशाचं काय काढलंय? त्यांच्या पडवीत आम्ही लहानपणी पावसात बसायचो."

गावात पोचायला मगरिब टळून गेली. कोकणात रात्री गाडीचा दिवा दिसला की पहिला प्रश्न "कोण?" नसतो, "कोणाचे?" असतो. बॅटरी घेऊन शेजारच्या फुफू बाहेर आल्या, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. मेडिकलवाल्याने सलाम करून बापाचं नाव सांगितलं तर त्यांनी बॅटरी त्याच्या तोंडावर धरली आणि म्हणाल्या, "नाक तर तेच आहे."

अम्मींनी दिलेली किल्ली लागली नाही. दोनदा फिरवली, तेल सोडलं, व्हॅनच्या मालकाने जोर करून बघितला. फुफू ओटीवर शांत उभ्या. मग म्हणाल्या, "ती किल्ली कुठली लागायला! वादळात दार निखळलं. मी सुताराकडून बसवून घेतलं, कुलूप नवीन आहे." किल्ली त्यांच्या चुलीमागच्या खिळ्याला टांगलेली होती. वादळापासून दर गुरुवारी त्या ओटी झाडत आल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे पाठवले नव्हते. त्यांचे दोन मुलगे कतारला. "त्यांच्या घराचं मी बघते, तुमच्या घराचंही मीच बघते. दोन झाडू थोडेच लागतात?"

त्या रात्री त्यांनी आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या आणि सुकटीचं कालवण केलं, वर कोकमाचं सार. पाच पुरुष एका म्हाताऱ्या बाईच्या चुलीसमोर बसून खातात हे बरं दिसेना, म्हणून दोघांनी विहिरीचं पाणी भरलं आणि कुवेतवाल्याने त्यांच्या घरातली दोन बंद बटणं चालू करून दिली. पाणी गोड होतं. झोपलो ओटीवर, व्हॅनमधल्या गठ्ठ्यांची गोणपाटं अंथरून.

सकाळी उजेडात घर दिसलं. माजघरावरची कौलं शाबूत, मागच्या पडवीवरची गेलेली, तिथले वासे कुजायला लागलेले. भिंतीवर ओल छातीपर्यंत. पण जोतं सरळ, आणि सागाचे खांब अजून हाताला गार लागत होते. माजघरात कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी. वर रंगाने आजींचं नाव, खाली 'मुंबई – जेद्दा' आणि १९७४. हजला गेल्या तेव्हाची. त्या वेळी मुंबईहून हाजी जहाजाने जात. १९९५ मध्ये जहाजं बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. पेटीत आता काहीच नव्हतं, एक रिकामी अत्तराची कुपी सोडून. आम्ही सगळ्यांनी ती हुंगली. वास उडालेला होता, पण प्रत्येकाला थोडाथोडा आला.

मेडिकलवाल्याने कुवेतला व्हिडिओ कॉल लावला. भाऊ आधी भावाचा, मग किमतीचा, मग कागदांचा बोलला. धाकटा काही न बोलता फोन घेऊन घरभर फिरला: ओटी, माजघर, उघडं आभाळ दिसणारी पडवी, पेटी, परसातला आंबा. पलीकडून बोलणं कमी होत गेलं. बराच वेळ फक्त वारा ऐकू येत होता. शेवटी भावाने विचारलं, "विहिरीला पाणी आहे?" "आहे. गोड आहे." "बरं," तो म्हणाला, "पार्टीला मी दोन दिवस थांबवतो." ठरलं काहीच नाही. दोन भावांमध्ये तीन बहिणींचाही हिस्सा आहे, त्यांना अजून विचारलेलं नव्हतं, हे फुफूंनी फोनसमोरच स्पष्ट सुनावलं. आणि ते योग्यच होतं.

पुढे केळशीला याकूब बाबांच्या दर्ग्यावर थांबलो. शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला इनाम दिलं होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेजारी वाळूची मोठी टेकडी, चढताना दोन पावलं वर गेलो की एक खाली. आंजर्ले, मग हर्णै. लिलावाची वेळ नव्हती, बंदरात होड्या झुलत होत्या आणि समोर सुवर्णदुर्ग उन्हात पसरलेला.

असरला दाभोळ गाठलं. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात गजबजलेलं होतं. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळलं. खाडीच्या काठाला, माडांच्या सावलीत विजापुरी धाटणीची दगडी मशीद उभी आहे, घुमट आणि चार मिनार. सतराव्या शतकातली. सांगतात असं की, विजापूरची एक शहजादी हजला निघून इथवर आली, समुद्र धोक्याचा म्हणून पुढे जाता आलं नाही, आणि सफरीसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. म्हणून लोक हिला मांसाहेबांची मशीद म्हणतात. आम्ही तिथे कसर नमाज पढलो. आत दगड थंड होता, बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजत होता, आणि मेडिकलवाला सलाम फेरल्यावरही बराच वेळ बसून राहिला.

धक्क्यावर चहा घेताना त्याचा फोन वाजला. फुफू होत्या. पडवीत गळतं, पेटी माजघरात ठेवू की माझ्याकडे आणू, असं विचारत होत्या.

"तुमच्याकडेच असू द्या," तो म्हणाला. "फेब्रुवारीत आम्ही येतो. बहिणींना घेऊन. सुताराला सांगून ठेवा, वासे किती लागतील ते मोजून ठेवू दे."

मग आमच्याकडे वळून त्याने विचारलं, कौलं या व्हॅनमध्ये किती बसतील. व्हॅनचा मालक म्हणाला, केबल नवीन टाकली तर चारशे.