खिडकीपासून चौथे टेबल

कामाचे तास किती, पगार किती, रजा किती शिल्लक, हे आपण सारे तोंडपाठ सांगतो. पण ज्या टेबलावर दिवसाचे आठ तास मान खाली घालून बसतो, तिथे उजेड किती, असे कुणी विचारले तर आपण वर बघतो आणि म्हणतो, "आहे की ट्यूबलाईट!" ट्यूब आहे म्हणजे उजेड आहे, असा आपल्याकडे हिशेब.

वास्तविक कायदा करणाऱ्यांनी हा विचार केव्हाच केलेला होता. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, हे आपल्या वस्त्यांतून ठाऊक आहे. पुढे १९४८ चा कारखाना कायदा आला. त्यात कलम १७ खास उजेडासाठीच होते. कामगार जिथे काम करतो आणि जिथून ये-जा करतो तिथे पुरेसा व योग्य उजेड हवा, खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ हव्यात, डोळ्यांवर तिरीप येऊ नये, डोळ्यांना ताण पडेल अशा सावल्या पडू नयेत, इतके बारकाईने लिहिलेले. त्याच वर्षीच्या गुमास्ता कायद्यातही उजेडाचे कलम होते. मात्र सरकारी कचेऱ्या त्यातून वगळलेल्या! आम्ही चौघी होतो त्या नेमक्या सरकारी कचेरीत.

गोष्ट १९९० नंतरच्या काळातली. आमची लेखा शाखा म्हणजे एक लांबोडकी खोली. खिडकी एकच, तीही साहेबांच्या केबिनच्या बाजूला. खिडकीशी जुन्या लोकांची टेबले, मग हेडक्लार्क, मग लोखंडी रॅक आणि लाल रुमालात बांधलेले दप्तर, आणि त्या रॅकच्या मागे आम्ही. कोणी मुद्दाम आम्हाला तिथे बसवले असे आमचे म्हणणे नाही. पण खिडकीजवळ कोण बसते आणि रॅकमागे कोण, हे कुठल्याही कचेरीत जाऊन एकदा नीट पाहावे. पुष्कळ समजते.

आमच्या डोक्यावर एकच ट्यूब, दोन्ही टोकांना काळी पडलेली. फडफड करायची. वर धुळीचा थर. दुपारी चारनंतर खतावणीतला तीन की आठ हे कळण्यासाठी पान उचलून डोळ्यांशी धरावे लागे. पाच वाजता डोके ठणकायचे. बामची एक बाटली आम्ही चौघी वर्गणी काढून आणत असू आणि ती महिनाभर पुरत नसे. घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. तिथे चिडचिड कोणावर निघायची, हे सांगायला नको.

आमच्यात एक ताई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांचे टेबल अगदी शेवटचे, चौथे. एका वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात शेरा आला: "काम संथ. सुधारणेस वाव." पाकीट हातात घेऊन त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या बढतीचा विषय निघणार होता. व्हरांड्यात तर कोणीतरी बोललेच, "राखीव जागेवरून आलेल्यांचे काम असेच." शेऱ्यापेक्षा हे वाक्य आम्हाला जास्त लागले.

आम्ही हेडक्लार्कना विनंती केली की पंधरा दिवस टेबले बदलून बसू द्या. ते भले गृहस्थ, हो म्हणाले. ताई खिडकीजवळच्या एका रजेवरच्या बाबूंच्या टेबलावर बसल्या आणि आमच्यातली सर्वांत धाकटी रॅकमागे चौथ्या टेबलावर गेली. आठवडाभरात ताई सगळ्यांच्या बरोबरीने देयके काढू लागल्या. आणि पंचविशीतली आमची धाकटी बाम मागू लागली.

यात जादू काही नाही. माणसाचे वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट आणि जाड होते, बाहुलीही लहान होते. विशीतल्या माणसाच्या डोळ्यात जेवढा उजेड आत पोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीतल्या माणसाच्या पोचतो. म्हणजे एकाच ट्यूबखाली बसलेल्या मावशी आणि भाची सारख्या उजेडात बसलेल्या नसतात. फडफडीचेही तसेच. जुन्या चोकची चांगली ट्यूबसुद्धा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही, पण मेंदूला जाणवते. १९८९ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका कचेरीत साधे चोक आणि जलद इलेक्ट्रॉनिक चोक आलटून पालटून लावून पाहिले. जलद चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला.

मॅनेजमेंट शिकलेले लोक यावर हमखास अमेरिकेतल्या हॉथॉर्नची गोष्ट काढतात. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची यंत्रे बनवणारा कारखाना होता. तिथे १९२४ ते १९२७ दिवे कमीजास्त करून काम मोजले. उजेड वाढवला तरी काम वाढले, कमी केला तरी वाढले, म्हणे. दोन बायांनी तर चांदण्याइतक्या उजेडातही काम ओढले. त्यावरून म्हणायचे की उजेडाचे काही नसते, माणसाकडे लक्ष दिले की झाले. अलीकडे २००९ च्या सुमारास दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते जुने आकडे शोधून पुन्हा तपासले, तर गोष्ट रंगवून सांगितलेली निघाली. दिवे बदलायचे रविवारी आणि वाढलेले काम मोजायचे सोमवारी; सोमवारी काम एरवीही जास्तच होत असे. आमचे म्हणणे एवढेच की चांदण्यात त्या बायांनी काम केले खरे, पण संध्याकाळी त्यांचे डोके किती दुखले, हे कुणी लिहून ठेवले? ताईंकडे पंधरा दिवस सगळ्यांचे लक्ष होते, त्यानेही हुरूप आला असेल, नाकारत नाही. पण हुरुपाने तिनाचा आठ दिसायचा थांबत नाही.

ताईंनी अभिवेदन दिले. सोबत आम्ही बसण्याचा नकाशा काढून जोडला. सात महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले, "शेरा कायम ठेवण्यात येत आहे." त्या वर्षीची बढती हुकली ती हुकलीच. ट्यूबा मात्र बदलल्या आणि रॅक भिंतीला लागले.

आता एलईडी आले, संगणक आले. अंधाराची तक्रार कमी झाली आणि चकाकीची वाढली. पाठीमागे खिडकी असली की पडद्यात खिडकीच दिसते, अक्षर दिसत नाही. पडदा खिडकीला काटकोनात असावा. स्वस्त एलईडीही फडफडतात. मोबाईलचा कॅमेरा दिव्याकडे धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर शंका घ्यावी. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर साधारण ५०० लक्स उजेड असावा असे मानतात. हल्ली मोबाईलवर तो अंदाजाने मोजता येतो. भर उन्हात बाहेर एक लाखाच्या आसपास लक्स असतात, यावरून आपण आत किती अंधारात बसतो ते पाहा. डोळ्यात दिवस-रात्र ओळखणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे २००२ साली उलगडले. त्यांना दिवसा उजेड मिळाला नाही आणि रात्री पांढरा प्रकाश मिळाला की झोप बिघडते. आपल्या किती सिस्टर, वॉचमन, कॉल सेंटरमधली मुले रात्रपाळी करतात! त्यांनी पाळी संपून घरी निजताना खिडकीला जाड पडदा लावावा, घरच्यांनी टीव्ही बंद ठेवावा.

चाळिशी झाली की डोळे तपासून घ्यावेत. सरकारी दवाखान्यात सोय असते. चष्म्याला लाजू नये. घरात मूल उजव्या हाताने लिहित असेल तर दिवा डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. ट्यूब आणि पंख्याची पाती दिवाळीची वाट न पाहता पुसावीत, अर्थात बटण बंद करून.

आणि कचेरीत उजेडाची तक्रार तोंडी करू नये. अर्ज लिहावा. टेबल कुठे आहे, खिडकी किती फुटांवर, ट्यूब केव्हापासून फडफडते, किती वाजता अक्षर दिसेनासे होते, हे सगळे तारखेसह त्यात यावे. अर्ज दोन प्रतींत करावा, एक आवक-जावक शाखेत द्यावी आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवावी.