गाण्याचें चित्र

गाणें ही कानांची वस्तु आहे, याविषयीं आपल्याकडील रसिकांना कधीं शंका वाटलेली नाहीं. बैठकींत गवयाचा स्वर लागला कीं जाणकार मंडळी डोळे मिटून घेतात. त्या वेळीं डोळ्यांना कांहीं काम नसतें. किंबहुना त्यांनीं काम करूं नये अशीच अपेक्षा असते. असें असतांही गेल्या कांहीं दशकांत जगभर एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. गाणें आधीं तयार असतें, आणि मग त्याला तीन-चार मिनिटांचें चलच्चित्र जोडलें जातें. या प्रकाराला म्युझिक व्हिडिओ म्हणतात. मी येथें त्याला गीतचित्र म्हणतों. १९८१ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत अशीं गीतचित्रें दाखविण्यासाठींच एमटीव्ही नांवाची वाहिनी निघाली, आणि तेव्हांपासून गाण्यामागोमाग त्याचें चित्रही निघालेंच पाहिजे, असा जणूं दंडक पडला.

या प्रकाराविषयीं माझ्या मनांत फारसा जिव्हाळा नाहीं, आणि त्याला कारण आहे. आमच्या लहानपणीं रेडिओवर एक भावगीत वरचेवर लागे. तें ऐकतांना माझ्या आईला कोंकणांतील तिच्या माहेरची मागील दारची विहीर दिसे. मला मात्र शाळेच्या वाटेवरील वडाचा पार दिसे. गाण्यांत विहीरही नव्हती आणि वडही नव्हता! पुढें दूरदर्शनवर त्याच गाण्याबरोबर कोणी एक तरुणी बागेंतून फिरतांना दाखविली. त्यानंतर एकदां तें गीत लागलें असतां आई म्हणाली, "आतां मेली ती बागच डोळ्यांपुढें येते. माझी विहीर कोठें गेली कोण जाणे!" हें नुकसान लहान नव्हे. चांगलें गाणें ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याचें स्वतःचें एक चित्र देतें. दुसऱ्यानें काढलेलें चित्र तें पुसून टाकतें. आणि तें एकदां पुसलें गेलें कीं पुन्हां सहसा उमटत नाहीं.

म्हणूनच निरनिराळ्या देशांतील चित्रपट-विद्यालयांच्या विद्यार्थ्यांनीं संगीतावर केलेलीं चित्रें मी पाहूं लागलों, तेव्हां मला त्यांत एक वेगळीच गोष्ट आढळली. त्यांतील उत्तम चित्रें पाहून उठल्यावर माझें स्वतःचें चित्र पुसलें गेलेलें नसे. असें कां व्हावें, याचा मी विचार केला.

कथापट करतांना विद्यार्थ्याला पळवाटा असतात. एखादा प्रसंग रेंगाळला तर तो कापतां येतो. एखादें वाक्य फसलें तर गाळतां येतें. गाण्याचें तसें नाहीं. तें पूर्ण होऊनच त्याच्या हातीं येतें. त्यांतील एक मात्रा कमी करतां येत नाहीं, कीं एक वाढवितां येत नाहीं. चित्राचा तुकडा कोठें सुरू करावा आणि कोठें तोडावा, हें तेथें लयच ठरविते, आणि चूक झाली तर ती शेजारच्या मुलालाही कळते. थोडक्यांत, गाणें हा मोठा कडक पंतोजी आहे. त्यांतून विद्यार्थ्यापाशीं पैसा नसतो. नट नाहींत, नेपथ्य नाहीं, झगमगीत पोशाख नाहींत. डोळ्यांपुढें जें असेल तेवढ्यावरच त्याला भागवावें लागतें.

१९६६ सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत जॉर्ज लुकास आणि पॉल गोल्डिंग या दोन विद्यार्थ्यांनीं 'हर्बी' नांवाचें एक छोटें कृष्णधवल चित्र केलें. हें नांव हर्बी हॅनकॉक या जाझ पियानोवादकाच्या नांवावरून घेतलेलें. त्यांत कथा नाहीं, पात्र नाहीं, कोणाचा चेहराही नाहीं. रात्रीच्या वेळीं मोटारींच्या चकचकीत अंगावर दिव्यांचीं जीं प्रतिबिंबें पडतात, सरकतात आणि विरून जातात, तेवढींच काय तीं तेथें आहेत. मागें जाझ वाजत असतें. पुढें १९७७ सालीं ज्या लुकासनें 'स्टार वॉर्स' काढून आकाशांतील युद्धें दाखविलीं, त्याच्या या आरंभींच्या धड्यांत रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीपलीकडे कांहींही नव्हतें. पण तीं प्रतिबिंबें पाहतांना मला मुंबईंतील पावसाळी रात्र आठवली. दुसऱ्या कोणाला आणखी कांहीं आठवेल. चित्रानें ती मोकळीक ठेविली आहे.

दुसरें उदाहरण पोलंडचें. वूच या गिरण्यांच्या शहरांत १९४८ सालीं स्थापन झालेलें चित्रपट-विद्यालय जगप्रसिद्ध आहे. तेथें शिकत असतां झ्बिग्नेव्ह रिबचिन्स्की यानें १९७२ सालीं 'टेक फाइव्ह' हें लहानसें चित्र केलें. ती मूळ रचना पॉल डेझ्मंड याची, आणि डेव्ह ब्रुबेकच्या वाद्यवृंदानें १९५९ सालीं ध्वनिमुद्रित केलेली. तिचें वैशिष्ट्य असें कीं तिचा ठेका पांच मात्रांचा आहे. आपल्या झपतालांत दोन आणि तीन यांची जोडी असते. येथें आधीं तीन आणि मग दोन. झपतालाच्या सवयीमुळें आपल्या कानांना यांत अवघड वाटणार नाहीं. परंतु चार मात्रांवर वाढलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना ती पांचवी मात्रा जिन्यांतील अनपेक्षित पायरीसारखी वाटते. अशा लयीवर चित्र बसविण्याचें काम ज्यानें विद्यार्थिदशेंत केलें, त्यानेंच १९८० सालीं 'टँगो' या चित्रांत एकाच खोलींत छत्तीस पात्रें एकमेकांना न धडकतां फिरविलीं आणि १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळविलें, यांत मला तरी आश्चर्य वाटत नाहीं. मात्रा मोजण्याची शिस्त त्याच्या हातांत आधींच मुरली होती.

याहून जुनी गोष्ट स्कॉटलंडची. ग्लासगोच्या कलाशाळेंत १९३० नंतरच्या वर्षांत नॉर्मन मॅक्लॅरन हा विद्यार्थी शिकत होता. कॅमेरा हाताशीं नव्हता, म्हणून त्यानें जुन्या फिल्मवरील चित्रांचा थर धुऊन काढला आणि मोकळ्या झालेल्या पट्टीवर ब्रशानें रंग भरले. त्या गरिबींतून जी विद्या त्याला साधली, तिचें फळ १९४९ सालच्या 'बिगॉन डल केअर' या चित्रांत दिसतें. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठीं त्यानें व एव्हलिन लॅम्बार्ट हिनें तें केलें. ऑस्कर पीटरसनचा पियानो वाजत असतो, आणि फिल्मवर हातानें काढलेल्या रेषा व रंगांचे ओघळ त्याबरोबर नाचत असतात. पुढें १९५७ सालीं त्याच्या 'अ चेअरी टेल' या चित्राला आपल्या पंडित रविशंकरांनीं संगीत दिलें. तेथें मात्र क्रम उलटा होता: चित्र आधीं झालें होतें आणि स्वरांना त्याच्या मागून चालावयाचें होतें.

विद्यार्थ्यांचीं सगळींच गीतचित्रें अशीं असतात असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. पुष्कळांत शब्दाला शब्द जोडण्याची घाई असते. गाण्यांत नदी आली कीं पडद्यावर नदी. अश्रु आला कीं डोळ्यांत पाणी. हा अर्थ लावणें नव्हे. ही शाळकरी पोरानें केलेली शब्दार्थांची वही झाली.

आपल्या पुण्यांत तर ही विद्या घरचीच आहे. 'प्रभात'च्या ज्या जागेंत १९३६ सालीं 'संत तुकाराम' तयार झाला, त्याच जागेंत १९६० पासून सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था चालते, आणि तेथील विद्यार्थ्यांनाही गीतचित्रणाचा पाठ गिरवावा लागतो. विष्णुपंत पागनीस अभंग गातात तेव्हां कॅमेरा उगाच धांवपळ करीत नाहीं, तो ऐकत राहतो. त्या आवारांत शिकणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा तो कोठला मिळणार?

परंतु विद्यालयाच्या फाटकाबाहेर बाजार उभा आहे. त्याला प्रत्येक क्षणीं नवा चेहरा पाहिजे, नवें वस्त्र पाहिजे, नवें शहर पाहिजे. विद्यालयांत गरिबीमुळें आलेला संयम बाहेर पैसा हातीं आल्यावर टिकेल काय, हाच खरा प्रश्न आहे. कारण गरिबीनें राखलेली जागा आणि जाणून राखलेली जागा यांत फार अंतर आहे.

हल्लीं आपल्या घरोघरीं मुलें हातांत मोबाईल घेऊन गाण्यांचीं चित्रें करूं लागलीं आहेत. एखादी मुलगी तेंच शिकावयास जाण्याचा हट्ट धरते, आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या मतें तिला अडवूं नये. तिला एवढेंच सांगावें कीं, बाई, आधीं तें गाणें डोळे मिटून शंभर वेळां ऐक. मग तुला दिसेल तेंच दाखव. पण ऐकणाऱ्याच्या मनांत जें आधींच आहे, त्याला तेथून उठवूं नकोस.