नाकावरचा भरवसा

धाटावला फिटर होतो तेव्हा आम्ही गॅस नाकाने ओळखायचो. कुठल्या लाइनीला गळती आहे ते वासावरून सांगणारे जुने फिटर होते, त्यांना मानही होता. तीच विद्या घेऊन मी कतारला, रास लफानच्या गॅस कारखान्यात शटडाउनच्या दुरुस्तीकामाला गेलो.

तिथे पाना हातात द्यायच्या आधी वर्गात बसवलं. शिकवणारा केरळचा. हिंदी मोडकी, पण सांगणं पक्कं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला, की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच काम करत राहतो. म्हणून छातीला मीटर. आमचे १० भागांवर वाजायचे. वाजला की वाऱ्याची पिशवी बघायची, काम तसंच टाकून वाऱ्याला आडवं सुटायचं. हा गॅस हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि टाकीच्या तळाला साचतो. आत सोबती पडलेला दिसला तरी श्वासाचा संच असल्याशिवाय उतरायचं नाही.

यावर वर्गात कुजबुज झाली. आपल्याकडे गटारात पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिघांची नावं. न उतरायचा हा नियम मनाला अजून टोचतो, पण चुकीचा म्हणवत नाही.

उन्हाचा नियम सोपा. २०२१पासून कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. ते सगळ्यांना पाठ, कारण सावली मिळायची. पर्मिटचं, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीच्या कागदाचं, मात्र तसं नव्हतं. कागद इंग्रजीत, सकाळची घाई, फोरमन पेन पुढे करणार आणि सगळे ओळीने सह्या ठोकणार. टाकीतला ऑक्सिजन किती मोजला, कोणी, किती वाजता, हे त्याच कागदावर लिहिलेलं असायचं. मी तेवढे तीन रकाने वाचायला शिकलो. बाकीचं इंग्रजी अजून येत नाही.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायदा बदलला, तेव्हा धोक्याची माहिती मागायचा हक्क इथल्या कामगारालाही मिळाला होता. मला तो परत आल्यावर कळला!

गेल्या महिन्यात पेणला गेलो होतो. भावाचा गणपतीचा कारखाना आहे. पुतण्या नाकाला रुमाल बांधून स्प्रेने रंग मारत होता. आयटीआयचा वेल्डर, आता त्यालाही आखाताचा व्हिसा आलाय. त्याला म्हटलं, पर्मिट वाचल्याशिवाय सही करू नकोस, कराराची प्रत एजंटकडे ठेवू नकोस, आणि विम्याचा कागद घरी आईकडे दे. माझा पासपोर्ट दहावी न झालेल्याचा, त्यामुळे प्रवासी भारतीय विमा सक्तीचा होता. अपघाती मृत्यूला १० लाख. पण तो कागद घरात कोणी पाहिलाच नव्हता. मी तिकडे मेलो असतो तर मागायचं कोणाकडे?

पुतण्याने रुमाल खाली ओढला. “काका, पर्मिट न वाचता सही करणार नाही म्हटलं तर घरी पाठवतील?”

“घरी पाठवलेला मी कोणी पाहिला नाही,” म्हटलं. “ओव्हरटाइम बंद झालेले दोघे पाहिलेत.”

“किती दिवस?”

“महिनाभर.”

तो हिशेब करायला लागला.